गुलाब आणि तेजाब

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आजी एके दिवशी म्हणाली, "चल गं, सराफाकडे जाऊन येऊ. मोड घालायचीय." मोड म्हणजे झिजलेले, तुटलेले दागिने. ते वजनावर द्यायचे आणि वर भर घालून नवीन काही घ्यायचं. आजीच्या रुमालाच्या गाठीत दोन वस्तू होत्या. एक तिची चिरलेली पाटली आणि दुसरी जुन्या पेटीच्या तळाशी सापडलेली अंगठी. अंगठी कुणाची, कधीची, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. दोन्ही सारख्याच पिवळ्या. खरं तर अंगठीच जास्त चमकत होती.

सोनारकाकांनी खणातून एक काळा, गुळगुळीत दगड काढला. "काकू, कस लावून बघतो हं," म्हणत त्यांनी पाटली त्यावर घासली. पिवळी रेघ उमटली. मग अंगठी घासली. शेजारी दुसरी रेघ उमटली. मी नाक दगडाला टेकवून बघत होते, पण मला दोन रेघांत काही फरक दिसेना. मग काकांनी काचेचं बूच असलेली एक छोटी बाटली उघडली, मला हातानं मागे सारलं आणि काचेच्या काडीनं दोन्ही रेघांवर एकेक थेंब सोडला.

पाटलीची रेघ होती तशीच राहिली. अंगठीच्या रेघेवर मात्र बारीक बुडबुडे आले, थेंब हिरवट झाला आणि रेघ नाहीशी झाली. कुणी पुसली नाही की खरवडली नाही. थेंबानं ती खाऊन टाकली.

"पितळ आहे, काकू," सोनारकाका हळूच म्हणाले. आजीला वाईट वाटलं असणार. माझं मात्र त्या बाटलीवरून लक्ष हटेना.

"काका, हे कसलं पाणी?"

"तेजाब आहे ते, बाळ. हात नाही हं लावायचा."

तेजाब! किती छान शब्द आहे बघा. तो आपल्याकडे फारसीतून आला. तेज म्हणजे धारदार आणि आब म्हणजे पाणी. धारदार पाणी! हाच आब पंजाबमध्ये आहे, पाच नद्यांचं पाणी म्हणून पंजाब. आणि तो आणखी एका शब्दात लपून बसलाय, तिथे तो असेल असं तुमच्या मनातही येणार नाही. गुलाब! फारसीत गुल म्हणजे फूल, आणि गुलाब म्हणजे मुळात फूल नव्हेच, तर फुलाचं सुगंधी पाणी. आपण त्या पाण्याचं नाव फुलालाच देऊन टाकलं आणि मग पाण्याला म्हणायला लागलो गुलाबपाणी.

गुलाब आणि तेजाब. एक लग्नाच्या मांडवात गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडायचं, दुसऱ्याला बोटही लावायचं नाही. पण मुलांनो, ही दोन पाणी एकाच जातीच्या भांड्यात तयार झाली आहेत. ते भांडं नसतं तर सोनारकाकांच्या खणात ती बाटलीही नसती. आज मला तुम्हाला त्या भांड्याची आणि त्यातून टपकलेल्या धारदार पाण्याची गोष्ट सांगायची आहे.

त्या बाटलीत होतं नायट्रिक आम्ल. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला नत्राम्लही म्हणत.

आम्ल म्हणजे आंबट, आणि आंबट पदार्थ माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहेत. लिंबू, चिंच, आमसूल, ताक. पितळेचा तांब्या चिंचेनं घासला की लख्ख होतो, ते चिंचेतल्या आम्लामुळेच. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांकडचं सगळ्यांत जोरदार आम्ल म्हणजे शिरका, म्हणजेच व्हिनेगर. त्याच्या ताकदीवर त्यांचा केवढा विश्वास! हॅनिबल नावाचा सेनापती इ.स.पू. २१८ मध्ये हत्तींसकट आल्प्स पर्वत ओलांडत होता. वाटेत एक खडक आडवा आला, तेव्हा सैनिकांनी तो आग लावून तापवला आणि त्यावर शिरका ओतून फोडला, असं लिव्ही या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. पण त्याच शिरक्यात चांदीचं नाणं बुडवून ठेवा. नाण्याला काहीही होणार नाही. पिरॅमिड उभे राहिले, रोमचं साम्राज्य आलं आणि गेलं, तरी चांदी विरघळवून टाकणारं पाणी कुणाच्या हाती लागल्याची नोंद नाही.

मग ते मिळालं कशातून? एखाद्या जालीम आंबट फळातून? नाही. ते मिळालं कोरड्या, ठणठणीत दगडांतून! मला या सगळ्या गोष्टीतलं हेच सगळ्यांत मोठं नवल वाटतं.

ते दगड तुमच्या ओळखीचेच आहेत. गावातल्या काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात गेलात तर ते कागदाच्या पुड्यांत बांधून मिळतात. पहिल्या पुडीत हिराकस, फिकट हिरवे खडे. त्यात लोखंड असतं आणि गंधक असतं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी काळी शाई करायचे. हिराकसाचा एक निळा भाऊ आहे, मोरचूद. त्यात लोखंडाच्या जागी तांबं असतं. नाशिककडे कुणाची द्राक्षबाग असेल तर बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर कालवलेला मोरचूद तुम्ही पाहिला असेल. दुसऱ्या पुडीत तुरटी. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो, ती तुरटी. तिसऱ्या पुडीत सोरा, मिठासारखा पांढरा. फटाक्यांच्या दारूत तो असतो. जुन्या गोठ्याच्या ओलसर भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी फुटते, त्या भुकटीतही सोऱ्याचा अंश असतो. चौथी पुडी नवसागराची आहे, पण ती आपण जरा बाजूला ठेवू. तिची पाळी नंतर येणार आहे.

घसा खवखवला की आजी तुरटीची लाही करायची. तुरटीचा खडा तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवला की तो आधी वितळतो, मग खदखदतो, मग फुगतो आणि शेवटी पांढरी, हलकी, ठिसूळ लाही होते. हे कशामुळे होतं माहीत आहे? तुरटी दिसते कोरडी, पण तिच्या पोटात पाणी असतं. १०० ग्रॅम तुरटीत सुमारे ४५ ग्रॅम पाणीच असतं! स्फटिकाच्या रचनेत ते जागच्या जागी बसलेलं असतं. तवा तापला की ते वाफ होऊन पळतं आणि जाता जाता तुरटीला फुगवतं. हिराकसाचंही तसंच. त्याच्याही वजनाचा जवळजवळ ४५ टक्के भाग पाण्याचा.

हिराकस याहून खूप जास्त तापवला तर पाण्याच्या मागोमाग घसा जाळणारा धूर निघतो. हजारो वर्षं माणसं भट्टीत दगड घालत होती, दगडांतून धूर निघत होता आणि तो आकाशात विरून जात होता. खाली जे उरायचं, तांबं, लोखंड, शिसं, तेच कामाचं. धुराकडे कोण बघणार?

ज्यांनी बघितलं त्यांची ही गोष्ट आहे.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललंत की त्याच्या आतल्या बाजूनं थेंब ओघळतात. वाफ थंड झाकणाला लागली की तिचं परत पाणी होतं. आता असं समजा, की झाकण टोपीसारखं उंच आहे, त्याला आतून पन्हाळी आहे आणि त्या पन्हाळीला लांब चोच फुटली आहे. ओघळलेलं पाणी परत पातेल्यात न पडता चोचीतून बाहेर येईल आणि दुसऱ्या भांड्यात साठेल. हेच ते भांडं! अरबीत याला अल-अंबिक म्हणायचे. त्याच्या खालच्या फुगीर पात्राला युरोपातल्या लोकांनी नाव दिलं कुकुर्बिट. हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ भोपळा! आकार पाहिलात की लगेच पटतं.

या भांड्याची सुरुवात इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या कारागिरांनी केली, पण ते वापरून वापरून मुरवलं ते इराक-इराणातल्या जाणकारांनी. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं सुगंधी द्रव्यं आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे अशी वाफ थंड करून टपकवणं, यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. फुलं आणि पाणी भोपळ्यात घालायचं, खाली मंद आच द्यायची आणि चोचीतून टपकणारं पाणी जमवायचं. तोच गुलाब. त्याच्यानंतर आला अल-राझी. तो इराणातल्या रय शहरचा मोठा वैद्य, रुग्णालयं सांभाळणारा, देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे नीट समजावून सांगणारा. हा माणूस मला फार आवडतो. त्याचं किमयेचं पुस्तक उघडलं तर त्यात गूढ मंत्र नाहीत. भट्ट्या, चिमटे, कातऱ्या, मुशी, काचेची पात्रं यांची यादी आहे. पदार्थांची वर्गवारी आहे. हिराकसासारखे पदार्थ एका गटात, क्षार दुसऱ्या गटात, धातू तिसऱ्या. स्वयंपाकघर लावून ठेवणाऱ्या माणसासारखा तो निसर्ग लावून ठेवतो.

आपल्याकडच्या रसशास्त्रातही अशी भांडी होती. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात तिर्यक्पातन यंत्र सांगितलं आहे. दोन घडे, त्यांना जोडणारी तिरपी नळी, एकाखाली आग आणि दुसरा थंड पाण्यात. रसवैद्य तापलेल्या घड्यांचे सांधे कापडमातीनं लिंपायचे, मातीत भिजवलेल्या चिंध्यांचे थरावर थर. युरोपातले किमयागारही माती, घोड्याची लीद आणि केस मळून लेप करत. त्या लेपाचं त्यांनी दिलेलं नाव काय असेल? शहाण्यांची माती! ज्याला धूर पकडायचाय, त्यानं आधी सगळ्या फटी बुजवायला शिकायला हवं.

आता सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या युरोपात जाऊ या. हिराकस, तुरटी आणि सोरा कुटून एका पात्रात भरले आहेत. वर चोचीची टोपी बसवली आहे, सांधे लिंपले आहेत आणि आग हळूहळू वाढवली जात आहे. बराच वेळ चोचीतून नुसतं पाणी टपकतं. ते स्फटिकांच्या पोटातलं पाणी. उतावळा माणूस इथेच कंटाळून आग विझवील. पण हा बसून राहिला. निखारे आणखी लाल झाले, आणि टोपीतली हवा रंग बदलायला लागली. आधी पिवळट, मग नारिंगी, मग गडद तपकिरी तांबूस. तो धूर पात्रात भोवऱ्यासारखा फिरू लागला. चोचीच्या टोकाशी एक थेंब जमला, टपकला. मग दुसरा. या थेंबांतून स्वतःच वाफा निघत होत्या.

सगळं थंड झाल्यावर त्यानं त्या पाण्यात चांदीचा तुकडा टाकला असेल. चांदीभोवती बुडबुडे आले, वर तपकिरी धूर तरंगला, तुकडा झिजत झिजत पातळ झाला आणि नाहीसा झाला. उरलं नितळ पाणी. डोळ्यांसमोर चांदीचं पाणी झालं! त्या माणसाच्या अंगावर काटा आला असेल, नाही?

पात्रात काय घडलं ते त्याला माहीत नव्हतं, आज आपल्याला माहीत आहे. तापलेल्या हिराकसातून आणि तुरटीतून गंधकाम्ल तयार होत होतं, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. हे अंगानं जड. त्याला उकळायला ३०० अंशांहून जास्त उष्णता लागते, म्हणून ते सहजी जागा सोडत नाही. त्यानं सोऱ्यात शिरून तिथल्या नायट्रिक आम्लाला बाहेर काढलं. नायट्रिक आम्ल चपळ, ८३ अंशांनाच उकळतं. ते वाफ होऊन टोपीत गेलं, काही फुटून तपकिरी वायू झाला आणि बाकीचं चोचीतून खाली आलं. पात्राच्या तळाशी उरला लालभडक चोथा. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूचा लाल रंग ज्या लोखंडाच्या गंजाचा असतो, तोच हा.

युरोपातल्या किमयागारांनी या पाण्याला लॅटिनमध्ये नाव दिलं अॅक्वा फॉर्टिस, बलवान पाणी.

हे पहिल्यांदा केलं कुणी? पुष्कळ पुस्तकांत उत्तर छापलेलं असतं: जाबिर इब्न हय्यान, आठवं शतक, इराकमधलं कुफा शहर. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण या उत्तरात एक गंमतशीर गुंता आहे. बलवान पाण्याची कृती सापडते ती एका लॅटिन पुस्तकात. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'सत्याचा शोध', ते १३०० च्या आसपासचं किंवा थोडं नंतरचं, आणि त्यावर लेखकाचं नाव आहे गेबर. जाबिरचं लॅटिन रूप गेबर, म्हणून सगळ्यांनी मानलं की हा अरबी पुस्तकाचा अनुवाद. इतिहासकारांनी मूळ अरबी पुस्तक खूप शोधलं. ते मिळालंच नाही. युरोपातल्याच कुणीतरी स्वतःचं पुस्तक जाबिरच्या मोठ्या नावानं लिहिलं होतं! काही अभ्यासक इटलीतल्या तारांतोच्या पॉल नावाच्या फ्रान्सिस्कन साधूकडे बोट दाखवतात. किमयागारांना स्वतःचं नाव लपवायला कारणंही होती. १३१७ मध्ये तर पोप बावीसावा जॉन यानं खोटं सोनं करणाऱ्यांविरुद्ध फर्मानच काढलं.

शिवाय एक साक्षीदार आपल्या पुडीतच बसलाय. सोरा! सोऱ्याशिवाय हे आम्ल या रीतीनं होऊच शकत नाही, आणि अरबी ग्रंथांत सोऱ्याची नीट ओळख दिसते ती तेराव्या शतकात. इब्न अल-बैतार हा वनस्पतींचा मोठा जाणकार १२४८ मध्ये वारला. त्यानं सोऱ्याला 'चीनचा बर्फ' म्हटलंय. पाचशे वर्षं आधीच्या जाबिरकडे तो बर्फ कुठून येणार? मला विचाराल तर या शोधाचं श्रेय एका माणसाच्या गळ्यात घालताच येणार नाही. त्या कृतीत सायप्रस बेटाचा हिराकस आहे, येमेनची तुरटी आहे, भांडं अरबांनी मुरवलेलं आहे आणि कृती लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. अर्धं जग त्या भोपळ्यात उतरलं होतं.

किमयागारांना खरं तर शिशाचं सोनं करायचं होतं. ते या पाण्यानं झालं नाही. पण या पाण्यानं एक फार कामाची गोष्ट केली. सोनं आणि चांदी एकत्र वितळली तर ती वेगळी करायची कशी? बलवान पाणी चांदी खातं आणि सोन्याला हात लावत नाही! मग काय, युरोपातल्या टांकसाळींत आणि सोनारांच्या आळ्यांत याला मागणी आली. जर्मनीतला वैद्य अॅग्रिकोला यानं खाणी आणि धातूंवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी छापून आलं. त्यात लाकडी ठशांची सुरेख चित्रं आहेत आणि हे पाणी कसं काढायचं, काचेची पात्रं तडकू नयेत म्हणून मातीनं कशी लिंपायची, हे बारकाईनं सांगितलंय.

सोनं शुद्ध करताना त्यांना एक अडचण यायची. सोन्यात चांदी थोडीच असेल तर आम्ल आत शिरतच नाही, सोन्याचे कण चांदीला चहूबाजूंनी झाकून टाकतात. यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकून तुम्ही चकित व्हाल. ते त्यात आणखी चांदी मिसळत! सोनं एक भाग आणि चांदी तीन भाग, असं प्रमाण झालं की आम्लाला आतपर्यंत वाट मिळते. ते सगळी चांदी खाऊन टाकतं आणि तळाशी उरते मळकट तपकिरी भुकटी. कुणी न सांगता पाहिली तर केराबरोबर फेकून द्यावी अशी. ती मुशीत वितळवली की लखलखीत शुद्ध सोनं! आणि चांदी? तीही वाया जात नाही. त्या नितळ पाण्यात तांब्याची पट्टी बुडवली की पाणी निळं होऊ लागतं आणि पट्टीवर चांदीचे करडे-पांढरे तंतू उगवतात.

आपल्याकडचे झारेकरी तुम्हाला माहीत आहेत का? सोनारांच्या दुकानासमोरची धूळ झाडून, धुऊन, तिच्यातून सोन्याचे कण काढणारी ही माणसं. सराफ बाजारातली मातीही कशी मोलाची असते, ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. तेजाबाची ओळख त्यांनाही जुनी.

विरघळलेल्या चांदीचा एक गुण आहे. तिचं पाणी कातडीला लागलं की उजेडात तिथे काळा डाग पडतो आणि धुऊन जात नाही. हा डाग तुम्ही शंभरदा पाहिलाय! मतदान करून आलेल्या आईबाबांच्या डाव्या हाताचं बोट आठवा. ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे, आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदीच.

आता ती चौथी पुडी उघडू या. नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर पूड टाकतो, भस्सकन पांढरा धूर येतो आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवतो, ती पूड नवसागराची. गेबरच्या पुस्तकात पुढे सांगितलंय की बलवान पाण्यात नवसागर विरघळवला की ते सोनंसुद्धा खातं. सोनं! कधी न गंजणारं, आगीत न जळणारं, किमयागारांच्या लेखी धातूंचा राजा. म्हणून या पाण्याला म्हणायचे राजाचं पाणी. तुमच्या शाळेच्या पुस्तकात याचंच नाव आम्लराज. आज प्रयोगशाळेत ते एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून करतात.

नवल असं, की ही दोन आम्लं वेगवेगळी असताना सोन्याचं काहीच वाकडं करू शकत नाहीत. मग एकत्र आल्यावर काय होतं? नायट्रिक आम्ल सोन्याचा एखादा कण तुकड्यापासून सोडवू पाहतं, पण तो कण लगेच परत जाऊन चिकटतो. हायड्रोक्लोरिक आम्लातून किंवा नवसागरातून येतं क्लोरीन. क्लोरीनचे चार कण त्या सुटलेल्या सोन्याच्या कणाला चारी बाजूंनी धरतात आणि परत जाऊ देत नाहीत. मग पुढचा कण सुटतो, त्यालाही चौघं धरतात. असं करत करत अख्खी अंगठी पाण्यात उतरते.

९ एप्रिल १९४०. हिटलरचं सैन्य डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये शिरलं. तिथल्या नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या संस्थेत दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सुरक्षित राहावीत म्हणून ठेवली होती, माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तेव्हा मोठा गुन्हा होता, आणि पदकांवर तर नावं कोरलेली! सैनिकांना ती सापडली असती तर फॉन लाउए यांचं काही खरं नव्हतं. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी म्हणाले, जमिनीत पुरून टाकू. बोर म्हणाले, उकरून काढतील. मग हेवेशींनी पदकं आम्लराजात टाकली. सोन्याचे जाड तुकडे, विरघळायला वेळ लागत होता. बाहेर रस्त्यावर सैनिक चालत होते आणि आत ते पदकं विरघळवत बसले होते. शेवटी उरलं नारिंगी पाणी. ते बाटलीत भरून फळीवर ठेवलं. झडती झाली, पण त्या बाटलीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. युद्ध संपल्यावर बाटली जिथल्या तिथे! पाण्यातून सोनं परत काढलं, स्टॉकहोमला नोबेल देणाऱ्यांकडे पाठवलं, आणि त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दोघांना देण्यात आली.

(एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. यातलं काहीही घरी करून बघायचं नाही, गच्चीवर नाही, अंगणात नाही, मोठ्या दादाबरोबरही नाही. तो तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो आणि त्याचा त्रास कधीकधी काही तासांनंतर सुरू होतो. किमयागारांच्या काळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. बघायचं असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंच्या देखरेखीखाली, चष्मा लावून.)

पुढे सतराव्या शतकात ग्लाउबर नावाच्या जर्मन रसायनकारानं सरळ सोरा आणि गंधकाम्ल एकत्र तापवून हे आम्ल काढलं, आणि तीच रीत बराच काळ चालली. आज ते अमोनियापासून करतात. मुंबईत ट्रॉम्बेला आणि नवी मुंबईजवळ तळोज्याला त्याचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यातलं बरंचसं खतासाठी खपतं.

पण सोऱ्यात हे आम्ल येतं कुठून, हा प्रश्न राहतोच ना? त्याचं उत्तर लंडनमधल्या एका अतिशय लाजाळू माणसानं दिलं. हेन्री कॅव्हेंडिश. ते घरातल्या मोलकरणींशीसुद्धा बोलत नसत, चिठ्ठी लिहून ठेवत. १७८५ मध्ये त्यांनी एका वाकड्या काचनळीत थोडीशी हवा आणि थोडा प्राणवायू कोंडला, तळाशी खाराचं पाणी ठेवलं आणि त्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या. यंत्र हातानं फिरवायचं, दिवसच्या दिवस. नळीतली हवा हळूहळू कमी होत गेली. शेवटी त्यांनी ते पाणी आटवलं, तळाला राहिलेला क्षार पाण्यात विरघळवून त्यात कागद भिजवला, वाळवला आणि पेटवला. कागद सोऱ्याच्या कागदासारखा चरचरत जळला. हवेतल्या नत्राचं आणि प्राणवायूचं आम्ल झालं होतं आणि आम्लाचा सोरा!

आकाशात वीज चमकते तेव्हा हेच घडतं. वळवाच्या पावसाबरोबर या बलवान पाण्याचा अगदी पुसटसा अंश शेतात उतरतो, आणि पिकं तो आनंदानं खातात. जमिनीतले जिवाणूही हवेतलं नत्र पकडून गवताला देतात. ते गवत गाई खातात, शेणामुतातून ते गोठ्याच्या जमिनीत मुरतं, तिथले जिवाणू त्याचा सोरा करतात, आणि एक दिवस भिंतीवर पांढरा लोणा फुटतो.

कॅव्हेंडिश मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. ठिणग्या सोडून सोडून नळीतली सगळी हवा संपायला हवी होती, पण एक इवलासा बुडबुडा काही केल्या संपेना. घेतलेल्या नत्राच्या एकशे विसाव्या भागाहूनही लहान. दुसऱ्या कुणी तो नजरचूक म्हणून सोडून दिला असता. त्यांनी तो मोजला आणि त्याचं माप लिहून ठेवलं. त्या बुडबुड्यात कोण बसलं होतं हे कळायला पुढे १०९ वर्षं लागली. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी त्याला नाव दिलं आर्गॉन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी. त्या आळशीबुवांची गोष्ट पुढच्या अंकात.